शिकवणीला मुलं कधी आणि कुठून मिळतात?
घरी शिकवणी सुरू करताय? जूनची वाट बघू नका. सीबीएसईच्या बहुतेक शाळांचं वर्ष एप्रिलमध्येच सुरू होतं, त्यामुळे त्या पालकांना मार्चमध्येच गाठा. राज्य मंडळाचे पालक जूनमध्ये नुसती चौकशी करतात. खरे घाईचे फोन येतात ते सहामाहीचे गुण हातात पडल्यावर, दिवाळीनंतर! तेव्हासाठी दोन-तीन जागा राखून ठेवाच.

सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर 'सर्व विषय' असं मोघम टाकू नका. 'आठवी ते दहावी, गणित, सेमी इंग्रजी' असं नेमकं लिहा. पत्रकांपेक्षा शाळेच्या गेटवरच्या आयांचा शब्द जास्त चालतो (रिक्षावाल्या काकांचाही!).

आणि हो, शाळेत शिक्षक असाल तर थांबा: २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २८ नुसार शिक्षकांना खासगी शिकवणी घेता येत नाही.