रिकाम्या बाइटचा हिशेब

मागच्या व्याख्यानात आपण कॅशपर्यंत आलो होतो. आज तिथूनच पुढे जाऊ. सी भाषेतलं एक छोटं स्ट्रक्चर घेऊ: आधी कॅरेक्टर, मग इंट, मग पुन्हा कॅरेक्टर. नेहमीच्या ६४-बिट संगणकावर कॅरेक्टर १ बाइटचा, इंट ४ बाइटचा. बेरीज झाली ६. पण साइझऑफला विचारलं तर उत्तर येतं १२! हे जास्तीचे ६ बाइट आले कुठून?

ते कंपायलरने मुद्दाम मोकळे सोडलेत. इंटचा पत्ता ४ च्या पटीत हवा, म्हणून पहिल्या कॅरेक्टरनंतर ३ बाइट रिकामे. ॲरेतल्या पुढच्या नोंदीचा इंटही नीट जागेवर पडावा, म्हणून शेवटी आणखी ३. यालाच पॅडिंग म्हणतात.

मग आपल्याला वाटतं, जागा वाया कशाला घालवायची? पॅक्ड लिहू, ६ बाइटमध्ये बसवू. बसतंही. पण कॅश मेमरीतून सहसा ६४ बाइटची ओळ एकदम उचलते. ॲरे ओळीच्या सुरुवातीला, म्हणजे ० पासून मांडला, तर अकराव्या नोंदीतला इंट ६१ ते ६४ वर येतो. पहिली ओळ मात्र ६३ लाच संपते. एका आकड्यासाठी दोन ओळी वाचाव्या लागल्या.

खरा धोका पुढेच आहे. त्या इंटचा पत्ता साध्या इंट पॉइंटरमध्ये ठेवला, की ‘हा पत्ता ४ च्या पटीत आहे’ असं वचनच आपण कंपायलरला देतो. इंटेल-एएमडीच्या प्रोसेसरवर ऑप्टिमायझेशन बंद असताना प्रोग्रॅम बहुधा मुकाट चालतो. ते चालू केलं, की कंपायलर त्या वचनावर विसंबून व्हेक्टर सूचना निवडू शकतो आणि तोच प्रोग्रॅम कोसळू शकतो. इथे दोष कंपायलरचा नाही, वचन आपण मोडलं.

यावर साधा उपाय आहे. इंट आधी, दोन्ही कॅरेक्टर मागून. आकार ८ बाइट. एक कोटी नोंदींना १२ कोटी बाइटऐवजी ८ कोटी पुरतात, आणि इंट दोन ओळींत तुटतही नाही. मग कंपायलर स्वतःच हा क्रम का लावत नाही? कारण सीच्या मानकानुसार सदस्य आपण लिहिले त्याच क्रमाने मेमरीत यावे लागतात. रस्टमध्ये एरवी हे बंधन नसतं.

फाइलचा किंवा नेटवर्कचा साचा ठरलेला असेल, तिथे पॅक्ड लागतं. पण तेव्हाही किंमत मेमकॉपीने आपल्या चलात घ्यायची, मगच वापरायची.