एका वाटेवर डब्या किती?

लेकीच्या घरी पोचून चारच दिवस झाले होते. सकाळी उठून पाहते तो जेवणाच्या टेबलावर हिरव्या रंगाच्या, घट्ट झाकणाच्या बारा डब्या ओळीने मांडलेल्या. मला वाटले, मी ठाण्याहून नेलेल्या लाडवांची शेजारीपाजारी वाटणी करण्याचा लेकीचा बेत दिसतो. मी आपली उत्साहाने कामाला लागले. पहिल्या डबीत दोन बेसनाचे लाडू बसवले तोच नातू जिन्यावरून ओरडला, "आजी, काढ ते! त्यात खायचं काही ठेवायचं नसतं. प्राणी येतात!"

"घरात?" मी विचारले.

"घरात नाही गं, रानात. मला या डब्या रानात लपवायच्यात."

अकरा वर्षांच्या मुलाने स्वतःच्या साठवलेल्या पैशांतून बारा डब्या आणाव्यात आणि त्या रानात नेऊन लपवाव्यात, हे ऐकून आमच्या घरच्या मंडळींनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले. लाडू परत पातेल्यात गेले आणि माझे शिक्षण सुरू झाले.

या खेळाला 'जिओकॅशिंग' म्हणतात. एकाने डबी लपवायची, ती पृथ्वीच्या पाठीवर नेमकी कुठे आहे याचे अक्षांश-रेखांश जाहीर करायचे आणि दुसऱ्याने जीपीएसच्या, म्हणजे उपग्रहांच्या मदतीने ती शोधून काढायची. डबीत एक छोटी वही असते. सापडली की वहीत नाव आणि तारीख लिहायची, डबी होती तशी ठेवायची आणि घरी जायचे. आत एखादी गोटी, बिल्ला, खेळण्यातली मोटार असते. त्यातले काही घेतले तर तेवढ्याच मोलाचे काही ठेवायचे. बक्षीस नाही, पंच नाही, हारजीत नाही. आमच्या वेळच्या लपंडावात निदान राज्य तरी यायचे!

योगायोग असा की, हा खेळ जन्मला तो लेकीच्या घरापासून तासाभराच्या आतल्या गावी. लेक राहते अमेरिकेतल्या ऑरेगन राज्यात, पोर्टलंड शहराच्या बाहेर. उपग्रहांकडून येणारा संदेश नागरिकांसाठी मुद्दाम अंधुक करून ठेवण्याची तिथल्या सरकारची पद्धत होती. त्यामुळे यंत्र सांगेल त्या जागेत शंभर मीटरपर्यंत चूक निघायची. मे २०००च्या पहिल्या-दुसऱ्या तारखेच्या रात्री हा पडदा काढून टाकला आणि अचूकता एका रात्रीत सुमारे दहा पटींनी वाढली. लगेच ३ मे रोजी डेव्ह अल्मर नावाच्या गृहस्थाने बीव्हरक्रीकजवळच्या झाडीत एक काळी बादली ठेवली. तिच्यात वही, पेन्सिल, काही पुस्तके, एक गलोल आणि चक्क घेवड्याच्या दाण्यांचा एक डबा असे सामान होते. तीन दिवसांत दोघांनी ती बादली शोधली. आज तिथे एक स्मृतिफलक आहे. नातवाने आम्हांला तो मोठ्या भक्तिभावाने दाखवला. आमचे हे फलकाला प्रदक्षिणा घालतात की काय अशी मला भीती वाटली. पण त्यांनी फक्त फोटो काढला.

असो. प्रश्न होता बारा डब्यांचा.

घरामागे एक रानवाट आहे, दोन किलोमीटर लांबीची. उंच सूचिपर्णी वृक्ष, खाली नेच्यांचे रान, मधून एक ओढा. त्या वाटेवर डब्या ठेवायला पालिकेच्या उद्यान खात्याची परवानगी लेकीने मिळवली होती. खातेही तिच्याच नावावर. खेळाचा नियम असा की दोन डब्यांमध्ये निदान ५२८ फूट, म्हणजे १६१ मीटर अंतर हवे. हे अंतर सरळ रेषेत मोजायचे, वाट कितीही वळणे घेवो. एकीला शोधणारा भलतीवरच जाऊन अडखळू नये आणि एका जागी गर्दी होऊ नये, हा हेतू. आमच्या ह्यांनी अंगणात पावले टाकून पाहिले. त्यांच्या चालीने सुमारे दोनशे पंधरा पावले होतात. सावकाश चालणाऱ्याचा दोन मिनिटांचा रस्ता.

मी सव्वीस वर्षे शाळेत गणित शिकवले आहे. तेव्हा मला राहवेना. दोन हजाराला एकशे एकसष्टने भागा: बारा पूर्ण अंतरे. अंतरे बारा, तर डब्या किती? वर्गात निम्मी मुले बाराच म्हणत. कुंपणाला खांब नेहमी एक जास्त! म्हणजे सरळ वाटेवर डब्या बसतात तेरा. मी नातवाला तसे सांगितले आणि त्याचे डोळे चमकले.

एवढ्यावर थांबले असते तर ती मी कसली! वाटेऐवजी सबंध रान घेतले तर? हा तर आपल्या रांगोळीचा हिशेब. ठिपके उभ्या-आडव्या सरळ ओळींत मांडले तर एका चौरस किलोमीटरला सुमारे ३९ डब्या बसतील. पण 'नऊ ते पाच, मधे ठिपके' अशी रांगोळी तुम्ही काढली असेल. त्यात प्रत्येक ओळीचे ठिपके आधीच्या ओळीच्या दोन ठिपक्यांच्या मधोमध येतात. तशा मांडल्या तर त्याच जागेत ४४-४५ बसतात. दोन ठिपक्यांतले अंतर कमी न करता पाच-सहा डब्या जास्त! आजी-नातवाने स्वयंपाकघराच्या फरशीवर तांदळाच्या पिठाचे ठिपके काढून हे सिद्ध केले. संध्याकाळी लेक कामावरून आली, तिने फरशी पाहिली, आम्हां दोघांना पाहिले आणि विचारले, "आई, पंचेचाळीस डब्या पुसायला कोण जाणार?"

मला तिचा रागच आला. कारण नातवाला इतक्या डब्या का हव्यात, हे मला तोवर कळले होते. हिवाळ्यात ही मंडळी दुसऱ्या राज्यातून इकडे राहायला आली. शाळा नवी, गल्ली नवी. चार महिने झाले तरी दाराची घंटा वाजवून "येतोस का रे खेळायला?" म्हणणारे कोणी नव्हते. आदल्या रात्री झोपताना तो मला म्हणाला होता, "आजी, बारा डब्या ठेवल्या तर बारा वह्यांत लोकांची नावं येतील." त्यावर मी गणित कसले तपासणार? शंभर म्हणाला असता तर शंभर बसवल्या असत्या.

आणि शंभर काय, हजार बसवणारेही आहेत. नेवाडा राज्याच्या वाळवंटात ३७५ क्रमांकाचा रस्ता आहे, त्याला 'परग्रहवासीयांचा महामार्ग' म्हणतात. त्याच्या कडेने लोकांनी ठरलेल्या अंतरावर हजाराहून अधिक डब्या मांडल्या. एकाने मोटार हाकायची, दुसऱ्याने दर दोनशे पावलांवर उडी मारून उतरायचे, सही करायची, पळत परत यायचे. वेळ वाचावा म्हणून काहींनी युक्ती काढली: या डबीवर सही करत बसायचे नाही, आधीच सही करून ठेवलेली डबी इथे ठेवायची, इथली उचलायची, पुढच्या ठिकाणापर्यंत गाडीतच तिच्यावर सही करायची आणि तिथे ती ठेवायची. २०११ साली रहदारीच्या सुरक्षिततेचा प्रश्न निघाला आणि डब्या काढाव्या लागल्या; पुढे त्या पुन्हा मांडल्या गेल्या. दिवसाला शेकड्यांनी डब्या सापडल्याची नोंद होते. मी नातवाला विचारले, त्या माणसांना शेवटी वाळवंट कसे दिसले असेल रे? तो म्हणाला, "गाडीच्या काचेतून."

खेळाच्या नियमांतच पूर्वी एक विनंती असे की, जागा आहे एवढ्याच कारणासाठी दर सहाशे फुटांवर डबी ठेवू नका. पुढे ती ओळ गेली. ज्यांना आकडे हवेत त्यांचा विजय झाला म्हणायचा. मला विचाराल तर ती ओळ राहायला हवी होती. पण हे शहाणपण मला आता सुचते आहे. त्या दिवशी मी तेरावी डबी आणायला दुकानात गेले होते.

असली वाढ काही नवी नाही. इंग्लंडात डार्टमूरच्या माळरानावर जेम्स पेरट नावाच्या वाटाड्याने १८५४ साली क्रॅनमियर पूल या आडजागी एक बाटली ठेवली. दलदल तुडवत तिथवर जाणाऱ्याने आपले भेटकार्ड त्यात टाकायचे. पुढे लोक स्वतःच्या पत्त्याचे पोस्टकार्ड ठेवू लागले. नंतर येणाऱ्याने ते नेऊन टपालात टाकायचे. म्हणजे तुमच्यामागून तिथे कुणीतरी पोचले, हे तुम्हांला घरी बसून कळायचे! शंभराहून अधिक वर्षांत, १९७०च्या सुमारापर्यंत, अशा पेट्या जेमतेम डझनभर होत्या. मग हौस फोफावली आणि त्यांची संख्या हजारांवर गेली. कितीतरी पेट्या आता मोटाररस्त्यापासून चार पावलांवर आहेत. तिथल्या शौकिनांना मग नियमच करावे लागले की, प्राचीन दगडी अवशेषांत पेटी ठेवू नका, सिमेंट वापरू नका.

तर आम्ही पहिल्या डबीची जागा निवडली. ओढ्यापाशी देवदाराचा एक जुना, पोकळ बुंधा आहे; सबंध वाटेवर तसली दुसरी जागा नाही. अर्ज गेला आणि तीन दिवसांनी नकार आला. अर्ज तपासणारे लोक स्वयंसेवक असतात. त्यांनी सभ्य शब्दांत कळवले की, ही जागा दुसऱ्या एका डबीला फार जवळ पडते. नकाशावर तर तिथे काहीच नव्हते! मागून उलगडा झाला. काही डब्या कोड्याच्या असतात. नकाशावर दिसते ती नुसती सुरुवात. कोडे सुटल्यावर खरी जागा कळते आणि ती गुप्त जागाही १६१ मीटरच्या नियमात धरतात. कुठे ते मात्र तपासनीस सांगत नाही. नातू दोन दिवस जेवला नाही धड. "माझीच बेस्ट जागा का?" एवढे एकच वाक्य.

तिसऱ्या दिवशी ओढ्याच्या वरच्या अंगाला एक वृद्ध गृहस्थ भेटले. गुडघ्याला पट्टा, हातात टॉवेल, आणि ओंडक्यावर बसून एक डबी आतून पुसत होते. आम्हांला पाहून त्यांनी ती झटकन पाठीमागे लपवली, नातवाने "जिओकॅश?" असे हळूच विचारल्यावर हसून पुढे केली. तीच ती. सोळा वर्षे ती तिथे होती. ही पाचवी वही. भरलेल्या चार त्यांच्या घरी कपाटात होत्या. दर महिन्याला, पावसाळ्यात दोनदा ते येऊन पाहून जात. नातवाने विचारले, "इतक्या वर्षांत एकच का ठेवलीत?" ते म्हणाले, कारण मला गुडघे दोनच आहेत.

घरी परतताना नातू गप्प होता. रात्री म्हणाला, "आजी, आई म्हणते ते बरोबर आहे का गं? मी तेरा ठिकाणी जाऊ शकीन?"

मग मी शिक्षिकेसारखी वागले, जे आधीच करायला हवे होते. सगळ्या डब्यांत कोरा कागद घालून त्या आठवडाभर मागच्या अंगणात ठेवल्या. एप्रिल महिना आणि ऑरेगनचा पाऊस. आपल्यासारखा कोसळत नाही, पण पाहुण्यासारखा उठायचे नाव घेत नाही. आठ दिवसांनी उघडल्या तर पाच डब्यांतला कागद लगदा झालेला. उरल्या आठ. दुसऱ्या दिवशी वाट चाललो, या वेळी पावले न मोजता. जिथे नातू आपण होऊन थांबेल तिथेच खूण करायची असे ठरले. तो तीनदा थांबला: लाकडी पुलाजवळ, एका उन्मळलेल्या झाडाच्या मुळांपाशी, आणि जिथून हवा स्वच्छ असली तर माऊंट हूडचे हिमशिखर दिसते त्या वळणावर. तिन्ही जागा मंजूर झाल्या. पलीकडची अर्धी वाट त्याने मोकळीच ठेवली. "दुसऱ्या कुणाला लपवायची असेल तर?" म्हणाला. दिवाळीतला किल्ला करताना त्याची आई सगळे मावळे एका बुरुजावर उभे करीत असे, तेव्हा ही अक्कल तिला नव्हती.

उरलेल्या पाच कोरड्या डब्यांत शेवटी लाडूच गेले, आणि ते घेऊन त्याला मी पाच घरी पाठवला. तिसऱ्या घरून तो तासभर आला नाही. तिथे त्याच्याच वर्गातला एक मुलगा निघाला.

आपल्याकडे हा खेळ फार दिसत नाही आणि त्याचे मला नवल वाटत नाही. बेवारस वस्तूंना हात लावू नका, ही सूचना आपण लोकलमध्ये रोज ऐकतो. इंग्लंडात वेदरबी गावी २०११ साली अशी एक डबी पोलिसांना बॉम्ब वाटली आणि तज्ज्ञांनी ती उडवून दिली होती.

गेल्या आठवड्यात नातवाचा फोन आला. मुळांपाशी ठेवलेल्या डबीत थोडे पाणी गेले, त्याने झाकणाची रबरी कडी बदलली. पुलाजवळच्या वहीची शेवटची चार पाने उरली आहेत आणि तिथे त्या मापाची वही मिळत नाही. मी ठाणे स्टेशनबाहेरून तळहाताएवढ्या तीन वह्या आणल्या आहेत. पोस्टात चौकशी केली. वह्यांपेक्षा पाकिटाचा खर्च कितीतरी जास्त. ह्यांचे म्हणणे, पाठवायच्याच तर सहा पाठव. मी तीनच पाठवणार आहे.