धाब्याचे छप्पर : डागडुजी की नूतनीकरण?

दौंड तालुक्यातील वरवंडसारख्या पर्जन्यछायेतील गावांत जुन्या घरांवर लाकडी तुळयांवर माती पसरून केलेले धाबे आढळते. ते गळू लागले की पांढऱ्या मातीचा नवा थर द्यावयाचा, हा रूढ उपाय होय. परंतु दहा सेंटिमीटर जाडीच्या थराचा भार दर चौरस मीटरला सुमारे १६० किलोग्रॅम भरतो. म्हणजे जुनी माती न काढता केलेल्या प्रत्येक डागडुजीने तुळईवरील ओझे वाढतच जाते. १९९३ च्या किल्लारी भूकंपात दगडी भिंतींची व अशाच जड छपरांची घरे कोसळून मोठी प्राणहानी झाली. म्हणून तुळयांचा बाक व भिंतीत गेलेली त्यांची टोके प्रथम तपासावीत. लाकूड शाबूत असल्यास जुनी माती उतरवून मगच नवा थर द्यावा. ते वाकलेले, कुजलेले वा वाळवीने पोखरलेले असल्यास छप्पर नव्याने घालणेच इष्ट.