वेगाचा वर्ग

कर्जत तालुक्यातल्या माथेरानला पर्यटकांच्या मोटारी दस्तुरी नाक्यावरच थांबतात. पण तिथवर त्या येतात नेरळच्या वस्तीतून, आणि गल्लीतला वेग ठरतो चालकाच्या मर्जीवर.

ताशी ३० किलोमीटरने जाणाऱ्या मोटारीसमोर मूल आलं आणि चालकाला सावध व्हायला एक सेकंद लागला, तर कोरड्या डांबरावर ती साधारण १३ मीटरांत थांबते. वेग ५० असेल तर तेवढ्या अंतरात ब्रेकवर पायही पडलेला नसतो! गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. म्हणून ती जवळपास पावणेतीनपट.

यावर आपला आवडता उपाय म्हणजे रातोरात उगवणारा अरुंद, उंच, मणके मोजणारा गतिरोधक. इंडियन रोड्स काँग्रेसचा नमुना मात्र ३.७ मीटर रुंद आणि मध्यावर जेमतेम १० सेंटिमीटर उंच आहे. ताशी २५ ला तो सुसह्य, त्यापुढे नकोसा.

खोपोली-खालापुरात, जुन्या मुंबई-पुणे महामार्गावरून गल्लीत शिरताना, मला कोपरे आखडणं जास्त पटतं. वळणाची त्रिज्या चौथाई केली, की बाजूला फेकलं जाण्याची तीच ओढ निम्म्याच वेगाला जाणवते.