लोहगावाहून शनिवारात

दिल्लीहून पुण्यास विमानाने येण्यास सव्वादोन तास पुरतात. परंतु लोहगावच्या विमानतळावरून शनिवार पेठेतील घराच्या पायरीशी पोहोचण्यास सायंकाळच्या वेळी तासभर सहज मोडतो, आणि पावसाळ्यात किंवा सणासुदीस तेवढ्यावरही भागत नाही. अंतर पाहू गेल्यास ते अवघे दहा-बारा किलोमीटर! आकाशातील हजारांवर किलोमीटर ज्यास सुखाचे गेले, त्या प्रवाशाचा जीव शेवटच्या दहांत मेटाकुटीस यावा, हे आपल्या नागरी जीवनाचे एक मोठे कोडेच म्हणावे लागेल.

या कोड्याचा भार प्रवाशाइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, त्याची वाट पाहणाऱ्या कुटुंबावर पडतो. परगावी शिकणारी कन्या, परदेशी नोकरीस असलेला धाकटा भाऊ, अथवा नागपूरचे मामा येणार असे कळले, की घरात पहिला प्रश्न निघतो तो 'आणावयास कोण जाणार?' हा. मग कोणीतरी कचेरीतून लवकर निघावयाचे, गाडी बाहेर काढावयाची, तास-दीड तास तिष्ठत राहावयाचे, आणि परत आल्यावर ती गाडी लावावयास गल्लीत जागा नाही म्हणून आणखी अर्धा तास हिंडावयाचे. ज्याने आणावयास जावे तो दमलेला, जो आला तो ओशाळलेला, आणि स्वयंपाकघरात पाने दोनदा मांडून दोनदा उचललेली! पाहुण्याविषयीच्या प्रेमाला अशा रीतीने त्रासाचे रूप यावे, हे कोणाही विचारी गृहस्थास रुचणार नाही.

पूर्वी ही अडचण इतकी तीव्र नव्हती, याचे कारण उघड आहे. सन १८५८ मध्ये आगगाडी पुण्यास आली, तेव्हा तिचे स्थानक गावाबाहेर असले तरी पेठांपासून ते तीनएक किलोमीटरच दूर होते. स्थानकाबाहेर टांगे उभे असत. नाही तर हमालाच्या डोक्यावर वळकटी देऊन मंडळी पायीही येत. विमानतळाची गोष्ट निराळी. त्यास विस्तीर्ण मोकळी जमीन लागते, म्हणून तो स्वभावतःच शहरापासून दूर जातो. तुकोबांचे आजोळ म्हणून ओळखले जाणारे लोहगाव येथील धावपट्टी १९३९ साली ब्रिटिशांच्या हवाई दलासाठी झाली. आजही तो तळ भारतीय हवाई दलाचाच असून मुलकी विमाने त्याच्याच आश्रयाने ये-जा करतात. तेथील नव्या इमारतीचे उद्‌घाटन १० मार्च १९२४ नव्हे, अगदी अलीकडे, म्हणजे १० मार्च २०२४ रोजी झाले आणि १४ जुलैपासून प्रवासी तिचा उपयोग करू लागले. इमारत प्रशस्त झाली. पण तिच्या दाराशी आगगाडी आली नाही.

अन्य देशांनी हा प्रश्न फार पूर्वी ओळखला होता. बर्लिनच्या टेंपेलहोफ विमानतळाजवळ भुयारी रेल्वेचे स्थानक १९२७ मध्येच उघडले. लंडननजीक गॅटविक येथे १९३६ मध्ये उभारलेली वर्तुळाकार इमारत रेल्वे स्थानकास भुयाराने जोडलेली होती. प्रवाशाने गाडीतून उतरावे आणि पावसाचा थेंबही अंगावर न घेता विमानापाशी जावे, अशी ती योजना. आपल्याकडे दिल्लीस २०११ मध्ये विमानतळासाठी स्वतंत्र मेट्रो मार्ग सुरू झाला, आणि मुंबईच्या भुयारी मेट्रोने ऑक्टोबर २०२४ मध्ये तेथील विमानतळ गाठला. पुण्याची मेट्रो मात्र रामवाडीस येऊन थांबली आहे. तेथून विमानतळ चार-पाच किलोमीटर. जून २०२५ मध्ये केंद्र सरकारने रामवाडीपासून पुढे वाघोलीपर्यंतच्या मार्गास मान्यता दिली. परंतु तो मार्ग नगर रस्त्याने जावयाचा असल्याने लोहगावची उणीव त्याने भरून निघेल असे नाही.

तथापि जे हाती आहे तेही थोडे नव्हे, आणि ते नीट वापरावयाचे कसे हे घराघरांत ठाऊक असणे अगत्याचे आहे. विमानतळाबाहेर पडल्यावर प्रवाशाने रामवाडी मेट्रो स्थानक गाठावे. पीएमपीची बस लागलीच मिळाली तर उत्तम. न मिळाली तर रिक्षा करावी. रिक्षा तेवढ्या चार-पाच किलोमीटरांपुरतीच करावयाची असल्याने तिचे भाडे खिशास फारसे जाणवत नाही. रामवाडी हे सध्या शेवटचे स्थानक असल्यामुळे उलट्या दिशेच्या गाडीत चढण्याचे भय नाही, आणि बसावयास जागाही बहुधा मिळते. गाडी वनाझकडे निघते. पुणे मेट्रोचे भाडे १० रुपयांपासून सुरू होऊन ३५ रुपयांपर्यंतच जाते, म्हणजे चौघांच्या कुटुंबासही हा प्रवास जड नाही.

हा मार्ग पाहण्याजोगाही आहे. कल्याणीनगर व येरवडा ही स्थानके घेत गाडी जाते. ज्या आगाखान महालात कस्तुरबांनी २२ फेब्रुवारी १९४४ रोजी देह ठेवला, त्या वास्तूचा मान राखण्यासाठी मेट्रोचा मूळ आराखडा बदलून मार्ग कल्याणीनगरकडून वळविण्यात आला, हे बरोबरच्या मुलांस अवश्य सांगावे. पुढे मुळामुठा ओलांडून बंडगार्डन, रुबी हॉल, पुणे रेल्वे स्थानक, मंगळवार पेठ, जिल्हा न्यायालय अशी स्थानके येतात. जिल्हा न्यायालयाच्या स्थानकावर दोन मार्ग एकमेकांस भेटतात. ज्यांस कसब्यात किंवा मंडईकडे जावयाचे असेल त्यांनी तेथे उतरून खालच्या भुयारी गाडीने जावे. ते भुयारी स्थानक जमिनीखाली तेहतीस मीटर खोल असल्याने सरकते जिने उतरण्यातही बराच वेळ जातो. शनिवारात जाणाऱ्याने मात्र तेथे न उतरता बसूनच राहावे, आणि त्यापुढील पुणे महानगरपालिकेच्या स्थानकावर उतरावे. रामवाडीपासून हे आठवे स्थानक. सुमारे वीस मिनिटांचा हा पल्ला. विमानतळ रस्त्यावरील खोळंब्याशी त्याची तुलना करून पाहावी.

येथून पुढे पायांचे राज्य सुरू होते. पालिकेजवळून शिवाजी पुलावर यावे. हा १९२३ सालचा दगडी पूल, ज्यास जुनी मंडळी अद्याप 'नवा पूल' म्हणतात! पूल ओलांडताच समोर शनिवारवाडा, आणि उजव्या हातास नदीकाठाने पसरलेली शनिवार पेठ. ज्यांचे घर ओंकारेश्वराच्या किंवा रमणबागेच्या बाजूस असेल त्यांनी आणखी एक स्थानक पुढे, छत्रपती संभाजी उद्यानापाशी उतरून ओंकारेश्वरानजीकच्या पुलावरून यावे, हे अधिक सोयीचे. याच स्थानकापासून पेठेच्या काठास थेट येता यावे म्हणून महामेट्रोने केवळ पादचाऱ्यांसाठी निराळ्या पुलाचे काम हाती घेतले. त्यामागील विचार ध्यानात घेण्याजोगा आहे: पेठेस मोटारींसाठी नव्हे, चालणाऱ्यांसाठी वाट हवी, हे त्यात मान्य झाले आहे.

आणि ते यथार्थच आहे. पूर्वीची मुर्तझाबाद म्हणजेच ही पेठ. पेशव्यांच्या वाड्याची पायाभरणी १७३० साली झाली, तेव्हापासून तिची भरभराट होत गेली. तिच्या गल्ल्या माणसाच्या, घोड्याच्या आणि पालखीच्या मापाने आखलेल्या आहेत. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतच्या पुराने नदीकाठचे कित्येक वाडे जमीनदोस्त केले. पुढे त्या जागी व इतरत्रही मजल्यांवर मजले चढले. एका वाड्याच्या जागी वीस बिऱ्हाडे आली, आणि प्रत्येक बिऱ्हाडाचे एखादे तरी वाहन आले. गल्लीची रुंदी मात्र होती तेवढीच राहिली. अशा गल्लीत मोटार घालणे म्हणजे सुईच्या नेढ्यातून दोर ओढण्याचा प्रकार होय. गणेशोत्सवात तर मध्यभागातील रस्ते वाहनांस बंदच होतात. तेव्हा मोटारीने येणारा पाहुणा अडकतो आणि पायी येणारा आरतीस वेळेवर हजर असतो.

असे असले तरी ही वाट सर्वांस सर्वकाळ सोयीची आहे, असे म्हणणे अप्रामाणिकपणाचे होईल. मेट्रो पहाटे नव्हे, सकाळी सहास सुरू होते आणि रात्री अकराच्या सुमारास थांबते. पुण्याची कितीतरी विमाने त्यापलीकडच्या वेळेस उतरतात. ज्यांचे गुडघे कुरकुरतात अशा आजींस, अंगावर पिते मूल असलेल्या मातेस, किंवा परदेशाहून तेवीस-तेवीस किलोंच्या दोन पेट्या घेऊन येणाऱ्यास पुलावरून चालावयास लावणे ही निर्दयता होय. त्यांच्यासाठी मोटार हवीच. पदपथांवर उभ्या केलेल्या दुचाक्या, मध्येच उखडलेल्या फरश्या, आणि चाकांची पेटी ओढताना पावलोपावली लागणारी उंच-सखल कड, यांचा विचार नगरपालनाची जबाबदारी ज्यांच्यावर आहे त्यांनी केला पाहिजे. आणि आपली दुचाकी पदपथावर लावणाऱ्या आपणही केला पाहिजे. कारण आपल्याच घरचा पाहुणा उद्या तिला वळसा घालून रस्त्यात उतरणार आहे.

कुटुंबांनी करावयाच्या गोष्टी त्या मानाने सोप्या आहेत. पहिली, पत्ता चालणाऱ्याच्या उपयोगाचा द्यावा. नुसता घरक्रमांक सांगून पेठेत कोणाचे घर आजवर सापडलेले नाही. उतरावयाचे स्थानक, ओलांडावयाचा पूल, वीर मारुती की अमृतेश्वर ही खूण, आणि तेथून कोणत्या हातास वळावयाचे, एवढे चार ओळींत आधीच लिहून पाठवावे. दुसरी, येणाऱ्यास सामान बेताचे आणण्यास निःसंकोच सांगावे; पंचा, चादर आणि उशी प्रत्येक घरात असतेच. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची.

आपल्याकडे पाहुण्यास सामोरे जाण्याची रीत फार जुनी आहे. पण सामोरे जावयाचे ते गावच्या वेशीपर्यंत, त्याच्या गावापर्यंत नव्हे! पालिकेचे किंवा संभाजी उद्यानाचे मेट्रो स्थानक ही आता शनिवार पेठेची वेस झाली आहे, असे समजण्यास काय हरकत आहे? तेथवर घरातील कोणासही जाता येईल. त्यासाठी मोटार चालविता यावयास नको, कचेरीतून रजा नको, की पुरुषमाणूसच हवा असेही नाही. सायंकाळी फिरावयास निघालेल्या आजोबांनी, शाळेतून आलेल्या नातवास बरोबर घेऊन, स्थानकाच्या जिन्याशी उभे राहावे; नातवाने लहान पिशवी घ्यावी आणि तिघांनी बोलत बोलत पूल ओलांडावा. घरी पोहोचेपर्यंत निम्मी खुशाली विचारून झालेली असते.

यात जी सोय आहे ती पैशांची वा वेळेची एवढीच नव्हे. एकट्या येणाऱ्या मुलीस दिवसाउजेडी कोणावर भार न टाकता आपल्या घरी येता येते. विधुर मामांस 'तुम्हांला उगीच त्रास' असे म्हणून येणे टाळावे लागत नाही. ज्या घरी येणे सोपे, त्या घरी माणसे वारंवार येतात. आणि एकत्र कुटुंब टिकते ते अशा येण्याजाण्यावरच. लोहगावापर्यंत रूळ जातील तेव्हा जावोत. रामवाडीपासूनची वाट आज खुली आहे. ती आपल्या माणसांस आधी समजावून सांगावी, आणि स्थानकाच्या जिन्याशी वेळेवर जाऊन उभे राहावे.