चिठ्ठी ज्याची, त्याच्याच हाती

जुलै संपत आला की परळी तालुक्यातल्या सिरसाळ्यासारख्या गावात पीक विम्याची धावपळ सुरू होते. सोयाबीन, कापूस, तुरीचा विमा भरायचा असतो आणि मुदत तोंडावर आलेली असते. हातात सातबारा, आठ-अ, आधार, पासबुक आणि पीकपेऱ्याचं स्वयंघोषणापत्र घेऊन शेतकरी सीएससी केंद्रात येतो. केंद्रचालक पीक विम्याचं पोर्टल उघडतो, सीएससी लॉगिनवर क्लिक करतो आणि विम्याचं पान नाहीसं होतं. त्या जागी ‘डिजिटल सेवा कनेक्ट’ या सीएससीच्या लॉगिन व्यवस्थेचं पान येतं. तिथे पासवर्ड दिला की तेही जातं आणि पुन्हा विम्याचं पोर्टल समोर येतं. आता मात्र ते चालकाला ओळखत असतं.

पासवर्ड विम्याच्या पोर्टलला दिलेलाच नाही. त्यानं तो पाहिला नाही, साठवला नाही, मागितलासुद्धा नाही. तरी दार उघडलं.

या व्यवस्थेला सिंगल साइन-ऑन म्हणतात. हिंजवडीतल्या कंपनीतला माणूस सकाळी एकदा लॉगिन करतो आणि मग रजेचा अर्ज, हिशेब, ग्राहकांच्या नोंदी अशी इंटरनेटवरची वेगवेगळ्या कंपन्यांची सॉफ्टवेअर त्याच ओळखीवर वापरतो, ती हीच. एकच पासवर्ड लक्षात ठेवावा लागतो. माणूस नोकरी सोडून गेला की एका ठिकाणी त्याचं खातं बंद करून सगळीकडचा नवा प्रवेश थांबवता येतो. ही सोय कुणालाही दिसते. मला थक्क करते ती वेगळीच गोष्ट. ओळख पटवणारा सर्व्हर एकीकडे, दार उघडणारा दुसरीकडे आणि त्या दोघांमधला निरोप घेऊन जातो तो केंद्रचालकाचा स्वतःचा ब्राउझर. म्हणजे ज्याची ओळख अजून पटायची आहे, त्याच्याच हाती त्याच्या ओळखीची चिठ्ठी! तो ती वाचू शकतो, खोडू शकतो, तिच्यावर दुसऱ्याचं नाव लिहायचा प्रयत्न करू शकतो. तरीही लबाडी चालत नाही.

हे दोन रीतींनी साधतं.

पहिल्या रीतीत चिठ्ठीवर काही लिहिलेलंच नसतं. डिजिटल सेवा कनेक्ट याच जातीचं आहे. विम्याचं पोर्टल ब्राउझरला तिकडे पाठवतं तेव्हा पत्त्याला एक लांबलचक शेपूट जोडतं. त्यात पोर्टलचं स्वतःचं ओळखनाव असतं, परत कुठे यायचं तो पत्ता असतो आणि दरवेळी नवा, अंदाज बांधता येणार नाही असा एक आकडा असतो. पासवर्ड बरोबर निघाला की कनेक्ट ब्राउझरच्या हाती एक कोड देऊन त्याला परत पाठवतं. तो कोड म्हणजे निव्वळ अक्षरांची माळ. चोरानं मधल्या मध्ये तो पळवला तरी एकट्या कोडचा त्याला उपयोग नाही, कारण पुढची पायरी ब्राउझरच्या पाठीमागे घडते. पोर्टलचा सर्व्हर थेट कनेक्टच्या सर्व्हरकडे जातो, स्वतःचं गुपित दाखवतो, कोड पुढे करतो आणि विचारतो, हा कोण? तिथे खरं उत्तर मिळतं. कोड एकदाच चालतो आणि थोडाच वेळ जगतो. ओऑथ २.० हे प्रमाण २०१२ मध्ये प्रसिद्ध झालं, त्यात कोडचं आयुष्य फार तर १० मिनिटं असावं अशी शिफारस आहे. आणि तो दरवेळचा नवा आकडा? जो गेला होता तोच परत आला आहे, मध्ये कुणी आपली चिठ्ठी सरकवलेली नाही, हे पोर्टल त्यावरून ताडून पाहतं.

ही सगळी ओळखदेख आधी कुणीतरी बसून घालून दिलेली असते. एखाद्या संस्थेत सिंगल साइन-ऑन बसवायचं काम म्हणजे मुख्यतः हेच: दोन्ही बाजूंच्या माणसांनी एकमेकांना आपली ओळखनावं, पत्ते आणि किल्ल्या द्यायच्या. परतीचा पत्ता अक्षरशः जुळावा लागतो. शेवटची एक तिरकी रेघ राहिली तरी दार उघडत नाही, आणि ते बसवणारा इंजिनिअर तासभर डोकं धरून बसतो. हा जाच वाटतो खरा, पण त्यामागचं कारण पटण्यासारखं आहे. परतीच्या पत्त्यात थोडी जरी सैल जागा ठेवली तरी चोर तिथे आपला पत्ता घुसवेल आणि कोड त्याच्या घरी जाऊ लागतील.

दुसरी रीत मला अधिक सुंदर वाटते. तिच्यात चिठ्ठीवर सगळं उघड लिहिलेलं असतं. कंपन्यांमध्ये ती फार चालते. तिचं नाव सॅमल, आणि आज सर्रास वापरली जाणारी तिची २.० ही आवृत्ती मार्च २००५ मधली. हा माणूस कोण, हे कोण सांगतंय, कोणत्या दारासाठी सांगतंय, किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत हे खरं मानायचं आणि कोणत्या विचारणेचं हे उत्तर आहे, असं सगळं तिच्यावर असतं. खाली सही असते. ती सही म्हणजे गणित.

आधी पूर्ण मजकुराचा एक ठसा काढतात. त्यासाठीची एसएचए-२५६ ही रीत कितीही लांब मजकुरातून २५६ बिटांचा ठसा काढते. ‘सिरसाळा’ लिहून ठसा काढा, मग ‘शिरसाळा’ लिहून काढा. एका अक्षराच्या फरकानं साधारण निम्मे बिट उलटेपालटे होतात आणि दोन ठशांत काही नातं दिसत नाही. मग त्या ठशावर सही करणारा आपल्या गुप्त किल्लीनं एक गणिती क्रिया करतो. त्या किल्लीची जोडीदार किल्ली उघड असते, ती सेटिंगच्या वेळीच दाराकडे देऊन ठेवलेली असते. उघड किल्लीनं सही तपासता येते, करता मात्र येत नाही. १९७७ मध्ये रिव्हेस्ट, शमीर आणि ॲडलमन या तिघांनी एमआयटीत ही युक्ती शोधली. ब्रिटिश गुप्तवार्ता खात्यातल्या क्लिफर्ड कॉक्सला १९७३ मध्येच तिच्या मुळाशी असलेलं गणित सुचलं होतं, पण ते १९९७ पर्यंत जगापासून लपून राहिलं. दोन प्रचंड मूळ संख्यांचा गुणाकार करणं सोपं, त्या गुणाकारातून मूळ संख्या परत शोधणं जवळजवळ अशक्य, एवढ्यावर हा सगळा डोलारा उभा आहे. आज प्रचलित असलेल्या २०४८ बिटांच्या किल्लीतली संख्या कागदावर लिहिली तर ६१७ अंक भरतात.

चिठ्ठी ज्याची त्याच्याच हाती देऊनही लबाडी कशी रोखायची, हे कोडं आपल्याकडे पूर्वी सावकारांनी कागदावर सोडवलं होतं. काशीला निघालेला यात्रेकरू रोकड बरोबर घेण्याऐवजी इथल्या पेढीची हुंडी घ्यायचा आणि तिकडच्या पेढीवर ती वटवायचा. कागद ज्याला पैसे मिळायचे त्याच्याच कमरेला. दोन पेढ्यांची ओळख आधीची, यात्रेकरूची कुणाशीच नाही. आणि रक्कम कशी लिहीत? आधी पुरी रक्कम, मग तिची निम्मी, मग त्या निम्म्याची दुप्पट. वाटेत कुणी एका आकड्यात खाडाखोड केली तर बाकीचे आकडे चुगली करणार. मजकुरातच मजकुराचा पहारेकरी बसवायची ही कल्पना आजच्या ठशाच्या किती जवळची आहे!

पण सही खरी असली म्हणजे भागलं असं नाही. २०१२ मध्ये जर्मनीतल्या संशोधकांनी सॅमल वापरणाऱ्या १४ प्रणाली तपासल्या, त्यातल्या ११ फसल्या. गणित कुठेच मोडलं नव्हतं. चिठ्ठीत खरा, सही असलेला भाग तसाच ठेवून शेजारी खोटा भाग चिकटवला होता. प्रणालीचा एक हात खऱ्या भागाची सही तपासून हो म्हणत होता आणि दुसरा हात खोट्या भागातलं नाव वाचून दार उघडत होता. जे तपासलं तेच वाचायचं, एवढी साधी शिस्त सुटली होती.

घड्याळाचंही तसंच. चिठ्ठीवर वेळ असते, म्हणून दोन्ही सर्व्हरांची घड्याळं जुळावी लागतात. एकाचं मागे पडलं तर त्याच्या लेखी आलेली चिठ्ठी भविष्यातली ठरते आणि तो ती नाकारतो. एमआयटीत १९८३ मध्ये सुरू झालेल्या अथेना प्रकल्पातून करबेरोस नावाची पद्धत निघाली, एकदा ओळख पटवून पुढे तिकिटांवर फिरायची. तिच्यात आजही घड्याळांना सहसा ५ मिनिटांचीच सूट मिळते. सही तपासण्यासाठी दिलेल्या प्रमाणपत्रालाही मुदत असते. ती संपल्याची आठवण राहिली नाही तर एखाद्या सकाळी अख्खं कार्यालय दाराबाहेर उभं राहतं. म्हणून जाणते लोक एक वेगळं, जपून ठेवलेलं खातं राखतात, जे या वाटेनं येत नाही.

गुप्त किल्लीच चोरीला गेली तर? मग चोर हव्या त्या नावाची अस्सल चिठ्ठी स्वतःच लिहू शकतो, पासवर्ड कितीही बदलले तरी. २०२० मध्ये उघडकीला आलेल्या सोलरविंड्स सायबर हल्ल्यात हे प्रत्यक्ष घडलं. अशा चोरीच्या धोक्यामुळेच मोठ्या संस्था ही किल्ली अशा उपकरणात ठेवतात जे आत सही करून देतं, पण किल्ली कधीच बाहेर देत नाही.

सिरसाळ्यातल्या केंद्रचालकाला रोज लागणारी गोष्ट मात्र आत येण्याची नाही, बाहेर पडण्याची आहे. विम्याच्या पोर्टलमधून लॉगआऊट केलं, म्हणजे डिजिटल सेवेतून बाहेर पडलो असं धरून चालता येत नाही. दार उघडल्यावर प्रत्येक पोर्टल आपापली नोंद ठेवतं आणि ओळख देणारा आपली वेगळी ठेवतो. मुख्य लॉगिन चालू राहिलं, तर त्याच संगणकावर पुढे बसणारा पासवर्ड न देताच पुन्हा आत जाऊ शकतो. एकाच वेळी सगळीकडून बाहेर काढण्याची सोय प्रमाणांत लिहिलेली आहे, पण त्यासाठी ओळख देणाऱ्यानं प्रत्येक दाराला निरोप धाडावा लागतो आणि प्रत्येक दारानं तो ऐकावा लागतो. पुष्कळ दारं अजून तो ऐकत नाहीत. तोवर संगणक सोडताना मुख्य खात्यातून बाहेर पडायचं आणि ब्राउझर बंद करायचा, हे चालकालाच पाहावं लागतं.