इफ्तारनंतर निघालेला फुटबॉलचा विषय

सोलापूरहून तुळजापूरला जाताना तामलवाडीचा टोलनाका लागतो, हे आपल्याकडच्या माणसाला सांगायला नको. कोजागरीच्या आधी याच रस्त्याने आईच्या दर्शनाला माणसं पायी जातात, तेव्हा आमच्या घरातूनही पाण्याचे माठ रस्त्याला येतात. याच रस्त्यावर माझ्या थोरल्या भावाचं पंक्चरचं दुकान आहे. रमजानमध्ये अस्रची नमाज झाली की तो हवेची नळी गुंडाळून ठेवतो. खजूर, कलिंगडाच्या फोडी, कांदाभजी असं ताटात मांडून बांगेची वाट बघतो. शेजारचे रसवंतीवाले काका स्वतः रोजा धरत नाहीत, पण महिनाभर त्या वेळेला उसाचा एक तांब्या न विसरता पाठवतात.

परवा इफ्तार झाल्यावर भावाने खिशातून एक घडी घातलेला कागद काढून माझ्यापुढे ठेवला. उन्हाळी सुट्टीत सोलापूरला मुलींचं फुटबॉल शिबिर आहे, त्याचा फॉर्म. त्याची मुलगी, म्हणजे माझी पुतणी, आठवीत आहे आणि शाळेच्या संघात गोल राखते. पोरगी चपळ आहे, हात लांब आहेत. फॉर्मवर पालकाच्या सहीची जागा कोरी होती.

"शिकवणार कोण? सरच ना? बाई असती तर मी विचार केला असता," भाऊ म्हणाला. आणि थोडं थांबून, "बाईमाणूस फुटबॉल शिकवून पोट भरतं का कुठं?"

त्याचा दुसरा प्रश्न मला जास्त खरा वाटला. पहिल्या प्रश्नाआड तो लपला होता. म्हणून मी त्याला मोनिका स्टाब यांची गोष्ट सांगितली.

जर्मनीत फ्रँकफुर्टजवळ डिट्झेनबाख नावाचं गाव आहे. तिथे 1959 साली मोनिका जन्मल्या. लहानपणी गल्लीतल्या पोरांबरोबर चेंडू मारायला लागल्या. त्या वेळी जर्मनीत बायकांच्या फुटबॉलवर बंदी होती! आपल्याला वाटतं, अशा बंद्या फक्त आपल्याच समाजात. जर्मन फुटबॉल संघटनेने 1955 मध्ये ठराव करून क्लबांना सांगितलं होतं की बायकांना मैदान देऊ नका. बाईच्या शरीराला आणि मनाला हा खेळ झेपत नाही, शोभत तर नाहीच, असं कारण दिलं होतं. इंग्लंडमध्येही 1921 पासून तसंच होतं. जर्मनीतली बंदी 1970 मध्ये उठली, तेव्हा मोनिका अकरा वर्षांच्या होत्या. भाऊ म्हणाला, "गोऱ्यांच्यात पण?" मी म्हटलं, "गोऱ्यांच्यात पण."

पुढे त्या जर्मनीत, इंग्लंडमध्ये, फ्रान्समध्ये खेळल्या आणि मग शिकवायला लागल्या. फ्रँकफुर्टच्या महिला संघाला त्यांनी चार वेळा लीग आणि पाच वेळा जर्मन कप जिंकून दिला. 2002 मध्ये युरोपातल्या महिला क्लबांची स्पर्धा पहिल्यांदा भरली. अंतिम सामन्यात स्वीडनच्या उमिओ संघाला 2-0 ने हरवून तीही फ्रँकफुर्टनेच जिंकली. इथे एखादा माणूस म्हणाला असता, झालं, आता क्लबात खुर्ची टाकून बसावं. मोनिका यांनी 2004 नंतर बॅग उचलली. जगभरच्या संघटनांच्या वतीने, जिथे मुलींच्या पायाला चेंडू लागलेला नाही अशा देशांत त्या जाऊ लागल्या. आजवर ऐंशीच्या वर देश झाले म्हणतात. 2007 मध्ये बहरीनच्या राष्ट्रीय संघाला शिकवलं, 2013 मध्ये कतारला गेल्या, मग आफ्रिकेत गांबियाला.

सगळीकडे यश मिळालं असं नाही, तेही भावाला सांगितलं. कतारच्या मुलींनी 2010 मध्ये पहिल्या सामन्यात बहरीनकडून 17-0 अशी हार खाल्ली होती. स्टाब तिथे गेल्या, काम केलं. पण 2014 नंतर तो संघ आंतरराष्ट्रीय सामन्यांतून दिसेनासाच झाला. पुरुषांच्या विश्वचषकासाठी स्टेडियमं उभी राहत होती आणि बायकांचा संघ क्रमवारीतून गळाला. परक्या मुलखात शिकवणाऱ्याच्या हातात फार थोडं असतं. सराव त्याचा, बाकी सगळं दुसऱ्याचं.

मग सौदी अरेबिया. हे नाव निघाल्यावर भाऊ सरळ होऊन बसला. आमच्या घरातून दोघं हजला जाऊन आलेत. त्या देशाकडे तो त्याच नजरेने बघतो. तिथे बायकांना फुटबॉलच्या स्टेडियममध्ये प्रेक्षक म्हणून बसायची परवानगी मिळाली जानेवारी 2018 मध्ये. गाडी चालवायची त्याच वर्षी जूनमध्ये. आणि 2021 च्या ऑगस्टमध्ये स्टाब सौदीच्या महिला राष्ट्रीय संघाच्या पहिल्या प्रशिक्षक झाल्या. निवड चाचणीला शेकडो मुली आल्या. त्यांपैकी कित्येक आधी घराच्या अंगणात किंवा भिंतीआडच्या मैदानात खेळलेल्या.

20 फेब्रुवारी 2022 रोजी मालदीवची राजधानी मालेमध्ये हा संघ पहिला आंतरराष्ट्रीय सामना खेळला. समोर सेशेल्स. सौदी 2-0 ने जिंकली. संघात काहीजणी डोकं झाकून, काहीजणी उघड्या केसांनी. कुणी कुणाला काही म्हटलं नाही. पुढच्या वर्षी जानेवारीत खोबर शहरात चार देशांची स्पर्धा झाली आणि तीही त्यांनी जिंकली. तोपर्यंत एक सौदी बाई आंतरराष्ट्रीय पंचही झाली होती, अनूद अल-अस्मरी. स्टाब यांच्याकडे मग सगळ्या महिला फुटबॉलच्या तांत्रिक संचालकपदाची जबाबदारी आली.

यात सरकारचा आपली प्रतिमा उजळायचा हिशोब आहे, असं म्हणणारे पुष्कळ आहेत. ते खोटं म्हणवत नाही. गाडी चालवण्याचा हक्क मागणाऱ्या काही बायका तर परवानगी मिळाली त्याच सुमारास तुरुंगात गेल्या. तरीही त्या पहिल्या सामन्यात गोल मारणाऱ्या मुलीचा आनंद मला सरकारी वाटत नाही.

भावाचा पुढचा प्रश्न कपड्यांचा असणार, हे मला ठाऊक होतं. याची कथा तर आपल्या महाराष्ट्रापर्यंत येते. जून 2011 मध्ये इराणच्या मुली जॉर्डनला ऑलिंपिक पात्रतेचा सामना खेळायला गेल्या आणि डोक्यावरच्या आवरणामुळे त्यांना मैदानावरच अडवलं. मुलींच्या डोळ्यांत पाणी होतं. 2014 च्या मार्चमध्ये नियम बदलला. आणि जानेवारी 2022 मध्ये महिलांचा आशिया कप आपल्याकडे मुंबई, नवी मुंबई, पुण्यात भरला, तेव्हा इराणचा संघ पहिल्यांदाच त्या स्पर्धेत उतरला. 20 जानेवारीला नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर भारत विरुद्ध इराण, 0-0. भारताच्या मुलींना शिकवत होते स्वीडनचे थॉमस डेनरबी. इराणच्या प्रशिक्षक होत्या मरियम ईरानदूस्त. त्यांचे वडीलही फुटबॉल प्रशिक्षक. त्याच स्पर्धेत थायलंडच्या मुलींना शिकवायला जपानच्या मियो ओकामोतो होत्या. त्यांचा संघ जपानशीच खेळला आणि 7-0 ने हरला. आपल्याच देशाच्या संघाविरुद्ध आपण शिकवलेल्या मुली उतरवायच्या, ही नोकरी काही सोपी नव्हे. भारताचं म्हणाल तर खेळाडूंना कोरोना झाला आणि स्पर्धेतून बाहेर पडावं लागलं.

"म्हणजे डोकं झाकून खेळता येतं," भाऊ म्हणाला. 2023 च्या विश्वचषकात मोरोक्कोची नुहैला बेनझिना हिजाब घालून खेळली, हे मी सांगितलं. त्याने मान हलवली, होकार नव्हे.

तेवढ्यात वहिनी चहा घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "लांबचं कशाला सांगता भाऊजी? आपल्या जिल्ह्यातली सारिका काळे नाही का?" हे मला सुचायला हवं होतं. धाराशिवची ही मुलगी खो-खोत देशाची कर्णधार झाली, 2020 मध्ये अर्जुन पुरस्कार मिळाला, आणि तेव्हा ती आपल्याच तुळजापुरात क्रीडा अधिकारी होती. घरात गरिबी इतकी की कित्येक वर्षं दिवसातून एकदाच जेवण, असं तिनेच सांगितलेलं. फुटबॉलमध्येही आपल्या राज्यातली बाई आहे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या गडहिंग्लज तालुक्यातल्या अंजू तुरंबेकर यांनी प्रशिक्षकाचं आशियाई 'अ' लायसन्स मिळवलं आणि देशाच्या संघटनेत लहान मुलांच्या फुटबॉलचं काम सांभाळलं. पोट भरतं का, याचं उत्तर भावाला तिथे मिळालं असावं, कारण तो विषय त्याने पुन्हा काढला नाही.

तरावीहला निघताना त्याने कागद पुन्हा खिशात ठेवला. मशिदीच्या पायऱ्यांवर चप्पल काढता काढता हळूच विचारलं, "गोल राखणाऱ्याला हातमोजे वेगळे लागतात का रे? सोलापुरात मिळतील?"

सही अजून झालेली नाही. फॉर्मची मुदत ईदच्या आधीच्या शनिवारपर्यंत आहे. पुतणी रोज सहरी उरकल्यावर दुकानामागच्या भिंतीवर चेंडू आपटून झेलते, आणि भाऊ आतून आवाज मोजत पडून राहतो.